पद तेच, अधिकारी निराळा

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां मंडळींस बदलीचा अनुभव काही नवा नाही. जुने साहेब जातात, नवे येतात. दारावरची पाटी तीच राहते, टपालही त्याच हुद्द्याच्या नावाने येत राहते. परंतु पहिल्या आठ दिवसांतच कळून चुकते की, पूर्वी नुसते तोंडी सांगून होत असलेली कामे आता होणार नाहीत. नवे साहेब नियमांचे पुस्तक उघडतात. ज्या कागदावर सर्व काही नियमाप्रमाणे असेल तो मुकाट्याने पुढे सरकतो. ज्यात जुन्या साहेबांच्या चांगुलपणावर विसंबून काही राहून गेलेले असेल तो परत येतो. मग कार्यालयात कुजबुज सुरू होते की, नवा अधिकारी आडमुठा आहे.

संगणकांच्या जगात अशीच एक बदली २००६ साली झाली आणि तिच्यावरून बराच गदारोळ उठला. तिची हकीकत आज सांगण्याचे योजिले आहे. ती सांगण्यास आम्हांस एक खाजगी कारणही आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या कार्यालयाकडे पाच उपकार्यालयांतून दरमहा प्रवासभत्त्याच्या मागण्यांची माहिती येते. ती एकत्र करून तक्ता करण्याचे काम पूर्वी हाताने होई. काही वर्षांमागे आम्ही हौसेने कार्यालयातील लिनक्स यंत्रावर त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राने ओळीने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी, लिहिली. ती रात्री आपोआप चाले आणि सकाळी तक्ता तयार असे. तिचे थोडेफार कौतुकही झाले. पुढे जुने यंत्र मोडीत निघाले व नवे आले. ते मांडून जुनी कामे त्यावर आणण्याचे काम एका तरुण बंगाली सहकाऱ्याने केले. पहिल्याच महिन्याच्या तक्त्यात पाचांपैकी दोन उपकार्यालयांचे रकाने कोरे गेले आणि तेथील लोकांचा भत्ता त्या महिन्यात अडकला. यंत्राने कसलीही तक्रार केलेली नव्हती. त्या तरुणाकडून लेखी स्पष्टीकरण मागवावयाचे ठरले, आणि पत्राचा मसुदा करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही तो केलाही. “दादा, मी तर तुमची स्क्रिप्ट एका अक्षराचाही फरक न करता आणली,” एवढेच तो म्हणाला. तो खरे बोलत होता. मग दोष कोठे होता? तो शोधता शोधता आम्ही ज्या इतिहासात जाऊन पोहोचलो, तो असा.

१

‘शेल’ ह्या शब्दाचा अर्थ कवच किंवा शिंपला. संगणकाची व्यवस्था चालविणारा जो गाभा, त्याच्याशी माणसाचा थेट संबंध येत नाही. माणूस आज्ञा लिहितो. ती वाचून, तिचा अर्थ लावून, योग्य तो कार्यक्रम गाभ्याकडून चालवून घेण्याचे काम मधला एक दुभाषी करतो. हा दुभाषी गाभ्यास बाहेरून वेढून असतो, म्हणून त्यास ‘शेल’ म्हणतात. हे नाव फ्रेंच संशोधक लुई पूझँ ह्यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत झालेल्या आपल्या कामातून दिले.

१९७१ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स ह्या व्यवस्थेची पहिली आवृत्ती सिद्ध झाली. तिचा शेल केन टॉम्प्सन ह्यांनी लिहिला होता. त्याचे नाव अवघ्या दोन इंग्रजी अक्षरांचे, ‘एस-एच’. आणि त्याची जागा ‘बिन’ नावाच्या संग्रहात. हे नाव व ही जागा वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी कथा त्यांच्याभोवतीच फिरते. टॉम्प्सन ह्यांचा शेल फार साधा होता. अट तपासणे किंवा अमुक एका ओळीवर उडी घेणे ही कामेदेखील तो स्वतः न करता बाहेरच्या लहान कार्यक्रमांवर सोपवी. चार ओळींच्या कामास तो पुरे. चारशे ओळींच्या कामास अपुरा.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तेव्हा त्याच जागी, त्याच नावाने, स्टीफन बोर्न ह्यांचा नवा शेल येऊन बसला. बोर्न हे केंब्रिजहून आलेले, आणि ‘अल्गॉल ६८’ ह्या संगणकभाषेत मुरलेले. त्या भाषेत एखादे प्रकरण ज्या शब्दाने उघडते तोच शब्द उलटा लिहून ते मिटवितात. बोर्न ह्यांनी ही रीत आपल्या शेलात आणली: ‘इफ’चा शेवट ‘फाय’ने, ‘केस’चा ‘इसॅक’ने. त्याच न्यायाने ‘डू’चा शेवट ‘ओडी’ने व्हावयाचा, पण ‘ओडी’ नावाचा, माहिती अष्टमान अंकांत छापून दाखविणारा कार्यक्रम युनिक्समध्ये आधीपासून होता. म्हणून तेथे ‘डन’ हा शब्द आला आणि आजतागायत राहिला. आधी कोणी व्यापलेल्या नावास हात लावू नये, एवढा संकोच बोर्न ह्यांनी ह्या बारीक गोष्टीत पाळला. पण ‘एस-एच’ हे नाव टॉम्प्सन ह्यांच्या शेलाने व्यापलेले होते आणि ते मात्र नव्या शेलास मिळाले. तात्पर्य, २००६ ची बदली ही काही पहिली नव्हे. ‘एस-एच’ हे आरंभापासूनच व्यक्तीचे नाव नसून पदाचे नाव ठरले होते.

त्यानंतर आणखी शेल निघाले. बर्कले विद्यापीठात बिल जॉय ह्यांनी ‘सी शेल’ केला. बेल प्रयोगशाळेतच डेव्हिड कॉर्न ह्यांनी आपला शेल केला व १९८३ साली तो लोकांपुढे मांडला. सोयी एकाहून एक सरस. परंतु ही मंडळी आपापल्या निराळ्या नावांनी नांदली. निरनिराळ्या कंपन्यांची युनिक्से निरनिराळी होऊ लागली, तेव्हा कोठेतरी लेखी नियम हवा असे सर्वांस वाटू लागले. त्यातून ‘पॉझिक्स’ हे मानक तयार झाले, आणि शेल व त्याच्या साधनांविषयीचा त्याचा भाग १९९२ साली मंजूर झाला. ‘एस-एच’ह्या पदावर बसणाऱ्याने काय केलेच पाहिजे, हे त्यात नमूद केले गेले. पदाला नियमपुस्तक मिळाले ते असे.

२

आता ज्या दोघांमध्ये ही बदली झाली त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला ‘बॅश’. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. ज्याचा कोणीही उपयोग करावा, अभ्यास करावा, ज्यात फेरफार करून इतरांस द्यावे, अशी युनिक्ससारखी संपूर्ण व्यवस्था उभारावयाची हा त्याचा उद्देश. बोर्न ह्यांचा शेल एका कंपनीच्या मालकीचा असल्याने त्यासारखा दुसरा शेल मुळापासून लिहिणे भाग होते. ते काम ब्रायन फॉक्स ह्यांनी १९८८ च्या जानेवारीत हाती घेतले आणि १९८९ च्या जूनमध्ये बॅश लोकांच्या हाती पडला. नावात श्लेष आहे: हा ‘पुन्हा बोर्न’, म्हणजेच पुनर्जन्म पावलेला. पुढे त्याची जबाबदारी चेट रेमी ह्यांनी घेतली व दशकानुदशके निष्ठेने वाहिली. बॅशने बोर्न ह्यांचे व्याकरण घेतले, कॉर्न व जॉय ह्यांच्या शेलांतील सोयी उचलल्या, आणि आपल्या पदरच्याही अनेक घातल्या. तो उदार, बहुश्रुत आणि काहीसा स्थूल गृहस्थ आहे. त्याच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत दोषांच्या सदराखाली, हा कार्यक्रम फार मोठा व फार मंद आहे, अशी मोकळी कबुलीच दिलेली आहे.

दुसरा ‘डॅश’. ह्याचे मूळ केनेथ आल्मक्विस्ट ह्यांच्या ‘अ‍ॅश’ ह्या शेलात आहे. योगायोग असा की, तोही १९८९ सालचाच. बर्कलेच्या मंडळींस मालकीच्या बंधनातून सुटलेला लहानसा शेल हवा होता. त्यांनी हा उचलला. १९९७ साली हर्बर्ट शू ह्यांनी ‘नेटबीएसडी’ ह्या व्यवस्थेतून तो ‘डेबियन’ ह्या लिनक्स-संचात आणला आणि २००२ साली त्यास ‘डेबियन अ‍ॅश’ अशा अर्थाने ‘डॅश’ हे नाव मिळाले. नियमपुस्तकात जे आहे ते करावयाचे, त्यापलीकडे फारसे नाही, असा ह्याचा बाणा. बॅशचे आकारमान साधारण एक मेगाबाइट धरले, तर डॅशचे त्याच्या दशांशाच्या आसपास भरते.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. त्या वर्षीच्या २५ ऑगस्टला लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी आपल्या नव्या व्यवस्थेची वार्ता जगास दिली, तेव्हा तीवर जे दोन कार्यक्रम आणून बसविल्याचे त्यांनी सांगितले, त्यांपैकी एक बॅश होता. म्हणजे लिनक्सने डोळे उघडले तेच बॅशचे तोंड पाहून. पुढे जे लिनक्स-संच निघाले त्यांतील बहुतेकांनी ‘एस-एच’ ह्या नावाची नुसती पाटी ठेवली आणि ती बॅशकडे वळविली. बॅशला ‘एस-एच’ म्हणून हाक मारली, तर तो काहीसा सावरून बसतो. जेथे त्याची सवय नियमाच्या विरुद्ध जाते तेथे तो नियम पाळतो. परंतु नियमात नसलेली एखादी जादा सोय कोणी मागितली, तर नाही म्हणत नाही.

आणि येथेच पुढील अनर्थाचे बीज पडले. प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, हॅशची खूण व उद्गारचिन्ह लिहून, ती कोणत्या दुभाष्याने वाचावी त्याचा पत्ता देण्याची रीत आहे. ही रीत डेनिस रिची ह्यांनी १९८० च्या सुमारास युनिक्सच्या गाभ्यात घातली. स्क्रिप्ट लिहिणारे पत्ता देत ‘एस-एच’चा, आणि आतल्या मजकुरात मागण्या करीत बॅशच्या खास सोयींच्या. पंधरा वर्षे हे चालले. कागद कधी परत आला नाही, म्हणून पत्ता चुकला आहे हे कोणास कळलेही नाही. किंबहुना ह्या सोयी बॅशच्या पदरच्या असून ‘एस-एच’च्या नव्हेत, ह्याचीच अनेकांस कल्पना नव्हती. ज्याने एकच अधिकारी पाहिला, त्यास अधिकाऱ्याचा स्वभाव व पदाचे अधिकार ह्यांतला भेद कसा दिसावा?

३

मग बदली करण्याचे कारण काय पडले? कारण वेळेचे होते. यंत्र सुरू होताना त्या काळी शेकडो लहानसहान स्क्रिप्टा एकामागून एक चालत. शिवाय इतर कार्यक्रमही पडद्याआडून सारखे ‘एस-एच’ला बोलावीत असतात. दर वेळी शेल नव्याने उभा राहतो, दोन ओळींचे काम करतो आणि मावळतो. अशा कामास बॅशसारख्या थोर विद्वानास बोलावणे म्हणजे टपालावर शिक्का मारण्यास सचिवास पाचारण करणे होय. एकेका खेपेची बचत क्षुल्लक. परंतु शेकडो, हजारो खेपांची बेरीज डोळ्यांत भरणारी.

डेबियनच्या पायावर उभारलेल्या ‘उबुंटू’ ह्या संचाने धीर केला. २००६ च्या २६ ऑक्टोबरला निघालेल्या त्याच्या ६.१० ह्या आवृत्तीत ‘एस-एच’ची पाटी बॅशवरून काढून डॅशकडे वळविण्यात आली. नव्याने संच घेणाऱ्यांसच नव्हे, तर जुन्या आवृत्तीवरून नवीवर येणाऱ्यांसही हा बदल लागू झाला. वापरणाऱ्या माणसाचा स्वतःचा, हाताने आज्ञा देण्याचा शेल मात्र पूर्वीप्रमाणे बॅशच राहिला. ही योजना शहाणपणाची होती, पण तिनेच गोंधळात भर टाकली. जी आज्ञा हाताने लिहिली असता बिनबोभाट चाले, तीच स्क्रिप्टमध्ये घातली की अडे. माणसाने करावे तरी काय?

तक्रारींचा पाऊस पडला. दुहेरी चौकोनी कंसात अट लिहिण्याची बॅशची रीत डॅशला ठाऊक नाही. असा कार्यक्रम सापडत नाही, असे तो सांगे. समानता तपासण्यास एकाऐवजी दोन बरोबरीची चिन्हे लिहिली, तर हे चिन्ह अनपेक्षित आहे म्हणून हरकत घेई. क्रमवार मूल्यांच्या याद्या डॅशकडे नाहीत. त्या दिसल्या की व्याकरणाची चूक म्हणून तो थांबे. मोठमोठे कार्यक्रम मूळ संहितेपासून तयार करणारे ‘मेक’ हे साधनही, निराळे सांगितले नसल्यास, ‘एस-एच’लाच हाक मारते, त्यामुळे काल तयार होणारे कार्यक्रम आज तयार होईनासे झाले. ज्यांची मूळ संहिता वापरणाऱ्यास मिळत नाही, अशा विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची स्थापनाच अर्ध्यावर अडू लागली.

परंतु हरकत घेऊन थांबणारा अधिकारी पुष्कळ बरा. निदान कागद कोठे अडला ते कळते. खरा धोका तेथे, जेथे नवा अधिकारी त्याच अक्षरांचा निराळा अर्थ लावतो आणि हूं की चूं न करता काम ‘पार पाडतो’. बॅशमध्ये ‘अँड’ची खूण व तिला लागून बाणाची खूण लिहिली की, कार्यक्रमाचे सर्व बोलणे, तक्रारींसकट, नोंदवहीत उतरते. नियमपुस्तकात ही जोडखूण नाही. म्हणून डॅश ती दोन निरनिराळ्या खुणा म्हणून वाचतो: पहिलीचा अर्थ, हे काम मागे चालू ठेव आणि न थांबता पुढे जा, दुसरीचा अर्थ, ही नोंदवही कोरी करून ठेव. दोन्ही अर्थ नियमास धरून आहेत. चूक म्हणून दाखविण्यासारखे त्यात काहीच नाही.

आमच्या तक्त्याचे गूढ येथे उकलले. तीन उपकार्यालयांच्या ओळी आम्ही प्रथम लिहिल्या, त्या साध्या होत्या. उरलेली दोन मागाहून वाढली, तेव्हा आमचा हात बसलेला होता; आम्ही ती ऐटबाज जोडखूण वापरली. जुन्या यंत्रावर ‘एस-एच’ म्हणजे बॅशच होता. नव्यावर डॅश आला. त्याने ती दोन कामे मागे टाकली, नोंदवह्या कोऱ्या केल्या, आणि माहिती येण्यापूर्वीच तक्ता करून ठेवला. पहिल्या ओळीत पत्ता होता ‘एस-एच’चा. तो आम्हीच लिहिला होता.

४

२००६ चा तो निर्णय योग्य होता काय? आमच्या मते निर्णय योग्य. त्याची रीत सदोष.

आपल्याकडील एक उदाहरण घ्यावे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली. रुपया तोच राहिला. पण पूर्वी त्याचे चौसष्ट पैसे होत, ते आता शंभर होणार होते. ‘पैसा’ हा शब्द तसाच ठेवला असता तर बाजारात घोटाळा माजला असता. म्हणून नव्या नाण्यास ‘नया पैसा’ म्हटले गेले. काही काळ जुनी नाणी नव्यांसोबत चालू ठेवली, आणि लोकांस सवय झाल्यावर १९६४ साली ‘नया’ हा शब्द गळाला. नाव तेच ठेवून मोल बदलावयाचे असेल तर मधला काळ हाताळण्याची ही रीत आहे. ‘एस-एच’च्या बाबतीत उबुंटूने हा ‘नया’ शब्द लावलाच नाही. एका सकाळी जुन्याच नावाने नवे मोल सुरू झाले, आणि ज्यांनी ते निवडले नव्हते त्यांच्या पदरी तोटा आला.

ह्याच्या उलट डेबियनची चाल पाहावी. डॅश त्यांच्याच घरचा. स्क्रिप्टांनी पहिल्या ओळीत ‘एस-एच’ लिहिले तर मजकूरही पॉझिक्सला धरूनच असावा, असा नियमही त्यांच्या धोरणपत्रात लिहिलेला. तरी त्यांनी घाई केली नाही. प्रथम ‘चेकबॅशिझम्स’ हे साधन वापरून सर्व स्क्रिप्टा तपासल्या. जेथे बॅशची लकब आढळली तेथे त्या त्या भागाच्या पालकास कळविले. नियमात नसलेल्या परंतु फार रुळलेल्या काही मोजक्या सोयी त्यांनी आपल्या धोरणात रीतसर मान्य करून घेतल्या, म्हणजे व्यवहाराकडे सर्वस्वी पाठ फिरविली नाही. असे करीत करीत २०११ च्या ६ फेब्रुवारीस निघालेल्या ६.० ह्या आवृत्तीत त्यांनी डॅशला पदावर बसविले. उबुंटूच्या मागून चार वर्षांहून अधिक काळाने; परंतु गडबड पुष्कळच कमी झाली. अर्थात, उबुंटूने आधी वावटळ अंगावर घेतली नसती, तर त्या चुका इतक्या लवकर उघडकीस आल्या असत्या काय, हाही प्रश्न न्यायाने विचारला पाहिजे.

अडलेल्या माणसास मात्र ताबडतोब तोड हवी असते. ती दोन प्रकारची होती. एक अशी की, संपूर्ण यंत्राचीच नेमणूक फिरवावी. उबुंटू व डेबियन ह्यांत पुढे अनेक वर्षे ह्यासाठी एक आज्ञा होती. ती दिली की, डॅशला व्यवस्थेचा ठरीव शेल ठेवावयाचे काय, असा प्रश्न पडद्यावर येई. ‘नाही’ म्हटले की पाटी पुन्हा बॅशकडे वळे. कित्येक विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्थापनेसाठी लोक एकमेकांस हाच सल्ला देत. दुसरी तोड अशी की, अडलेल्या स्क्रिप्टची पहिली ओळ तेवढी खरी करावी: ‘एस-एच’ऐवजी ‘बॅश’ लिहावे. बॅश त्या यंत्रावर होताच, तो कोठे गेलेला नव्हता. त्याच्याच नावाने कागद पाठविला की तो पूर्वीच्याच उदारपणे काम करी.

पहिल्या तोडीस आम्ही सर्वथा नावे ठेवीत नाही. ज्या सॉफ्टवेअरच्या पोटातील स्क्रिप्टांस हात लावण्याची सोय नाही, आणि ज्यावाचून काम अडते, तेथे दुसरा इलाज नसतो. परंतु एका अर्जदाराचा कागद चालावा म्हणून खात्याचा अधिकारीच बदलणे हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. त्याने तो कागद निघतो खरा, पण पत्त्यातली चूक झाकली जाते, आणि पुढच्या यंत्रावर, पुढच्या माणसाच्या हातून, ती पुन्हा डोके वर काढते. आमच्या कार्यालयात नेमके तेच झाले होते.

५

ह्या बदलीचा एक लाभ असा झाला की, तो करणाऱ्यांच्याही मनात नसावा. २०१४ च्या २४ सप्टेंबरला बॅशमधील एक भयंकर दोष प्रसिद्ध झाला. स्तेफान शाझेलास ह्यांनी तो शोधला होता आणि जगाने त्यास ‘शेलशॉक’ म्हटले. बाहेरून आलेल्या विशिष्ट मजकुरामुळे बॅश नको त्या आज्ञा पाळू लागे. हा दोष १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, तेथे दडून होता. ज्या व्यवस्थांत ‘एस-एच’ म्हणजे बॅशच होता, तेथे बाहेरचा मजकूर नकळत त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. डेबियन व उबुंटू येथे पदावर डॅश बसलेला असल्याने त्यांपैकी बऱ्याच वाटा आपोआप बंद होत्या. सगळ्या नव्हे, जेथे बॅशलाच नावाने बोलावले होते तेथे दुरुस्ती तातडीने करावी लागली. तरी, जो थोडे देतो त्याच्याकडून थोडेच लुबाडता येते, हे त्या दिवसांत अनेकांच्या ध्यानात आले.

इतरत्रही ह्या पदाच्या नेमणुका वेगवेगळ्या आहेत. ‘फेडोरा’ व त्याच्या कुळातील संचांनी ‘एस-एच’ म्हणून बॅशच ठेवला. ‘सोलॅरिस’ने बोर्न ह्यांचा जुना शेल कितीतरी वर्षे सांभाळून २०११ साली तेथे कॉर्न ह्यांचा बसविला. खिशातल्या अँड्रॉइड फोनात आणखी तिसराच असतो. आपल्या ‘सी-डॅक’ने सरकारी कार्यालये डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेला ‘बॉस’ हा लिनक्स-संच डेबियनच्याच पायावर उभा आहे. तेव्हा ही हकीकत दूरदेशीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पाटी सर्वत्र एकच. आत कोण बसला आहे ते दर ठिकाणी निराळे. म्हणून जो कागद केवळ नियमावर उभा असेल तोच सर्वत्र चालेल. आणि ज्यास एखाद्याच्या खास सोयी हव्यात, त्याने त्याचे नाव पत्त्यात स्पष्ट लिहावे. ह्या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

आमच्या स्क्रिप्टची दुरुस्ती क्षणात झाली. पहिल्या ओळीतील ‘एस-एच’च्या आधी ‘बी’ आणि ‘ए’ ही दोन इंग्रजी अक्षरे घातली, की ‘बॅश’ होतो. आमच्या नावापुढे ही दोन अक्षरे बऱ्याच वर्षांपासून लागलेली आहेत. स्क्रिप्टमध्ये ती लिहिण्याची आठवण मात्र राहिली नव्हती. दुसरी दुरुस्ती अधिक जड गेली. स्पष्टीकरणाचा तो मसुदा आम्ही फाडला आणि त्याच धारिणीत स्वतःच्या नावाने टिपण ठेवले: दोष यंत्राचा नाही, ते मांडणाऱ्याचाही नाही, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा आहे. वरून फक्त ‘पाहिले’ असा शेरा आला. त्या दोन उपकार्यालयांतील लोकांस भत्ता पुढल्या महिन्यात मिळाला.

तो तरुण सहकारी आता दुसऱ्या शहरी बदलून गेला आहे. जाण्यापूर्वी त्याने कार्यालयातील आमच्या उरलेल्या सर्व स्क्रिप्टा एकेक करून तपासल्या, आणि सातांच्या पहिल्या ओळी बदलल्या. त्याने त्याबद्दल आम्हांस काही म्हटले नाही. त्याच्या जागी येणाऱ्यासाठी यादी मात्र टेबलाच्या खणात ठेवून गेला.